हिम आणि हिमनदीचा बर्फ यांत नेमका फरक कशाचा?

प्रश्न :
दोन्ही गोठलेले पाणीच असताना ताजे हिम पांढरेशुभ्र आणि भुसभुशीत, तर हिमनदीच्या कड्यातला बर्फ निळसर आणि दगडासारखा कठीण का असतो? हिमाचा असा बर्फ होण्यासाठी ते आधी वितळावे लागते, की नुसत्या दाबानेही हे घडते?

प्रतिसाद १ :
रेणूंची षटकोनी मांडणी दोन्हींत एकच आहे; फरक आहे तो मध्ये अडकलेल्या हवेचा. निखळ बर्फाची घनता दर घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम असते, तर ताज्या कोरड्या हिमाची साधारणतः ५० ते १००, म्हणजे त्यात बहुतांश जागा हवेनेच व्यापलेली असते. असंख्य स्फटिकांच्या पृष्ठभागांवरून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून हिम पांढरे दिसते.

वितळणे आवश्यक नाही. अंटार्क्टिकाच्या अतिथंड अंतर्भागात वरच्या थरांच्या भाराने स्फटिक एकमेकांत रुतत आणि जुळत जातात, आणि घनता ८३०च्या आसपास पोहोचली की हवेच्या वाटा बंद होऊन बुडबुडे कायमचे कोंडले जातात. हा टप्पा तिथे साधारण शंभर मीटर खोलीवर येतो आणि त्याला हजारो वर्षेही लागू शकतात. याच बुडबुड्यांतून आपल्याला आठ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हवेचा अभ्यास करता आला, ही मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. हिमालयात मात्र उन्हाळ्यात वितळलेले पाणी खाली झिरपून पुन्हा गोठते, त्यामुळे हेच काम बरेच लवकर उरकते. पुढे बुडबुडे दाबाने आक्रसले की प्रकाश बर्फात खोलवर जातो, वाटेत तांबडा रंग अधिक शोषला जातो आणि उरतो तो निळा.

प्रतिसाद २ :
उष्णतेच्या बाबतीतला फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. ताजे हिम बर्फाच्या तुलनेत उष्णता वीसपटीहूनही कमी वाहून नेते. लडाखमध्ये झंस्कार नदीवर हिवाळ्यात गोठलेल्या बर्फाची जी ‘चादर’ तयार होते, तिच्यावर जाड हिम साचले, तर खालच्या पाण्यातील उष्णता बाहेर पडणे मंदावते आणि बर्फाची जाडी सावकाश वाढते. शिवाय तडे आणि पातळ जागा झाकल्या जातात. म्हणून हिमाच्छादित पृष्ठभाग पाहून खालच्या बर्फाच्या मजबुतीचा अंदाज कोणीही बांधू नये.

प्रतिसाद ३ :
यात सूर्यप्रकाशाचा मुद्दा जोडावासा वाटतो. ताजे हिम ८० ते ९० टक्के प्रकाश परतवते, उघडा पडलेला हिमनदीचा बर्फ मात्र बहुधा निम्म्याहूनही कमी. त्यामुळे उन्हाळ्यात वरचे हिम लवकर संपले, की हिमनदीची झीज एकदम वेग घेते.