उत्तर: सर्रिअलिझम म्हणजे फक्त डार्करूममधल्या करामती?
वर कोणीतरी म्हटलंय की सर्रिअलिस्ट (म्हणजे स्वप्नं आणि अबोध मनाला महत्त्व देणाऱ्या कला-चळवळीतले) फोटो म्हणजे डार्करूममधल्या, फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतल्या करामती, डॉक्युमेंटरीशी, म्हणजे जे दिसतं ते जसंच्या तसं टिपण्याशी, त्याचा काय संबंध. अर्धंच पटलं. इयन वॉकर या कला-इतिहासकाराचा सगळा भर पॅरिसच्या रस्त्यांवरच्या साध्यासरळ फोटोंवरच आहे, आणि मला तरी ते जास्त चक्रावणारे वाटतात. पॅरिसचा जुना फोटोग्राफर अ‍ॅत्जे, त्याचंच घ्या ना, १९१२चं सूर्यग्रहण, पॅरिसमधल्या बास्तीयच्या चौकात गर्दी, सगळे डोळ्यांपुढे काहीबाही धरून वर बघतायत आणि फोटोत सूर्य नाहीच! सर्रिअलिस्ट कलाकार मॅन रे अ‍ॅत्जेच्याच रस्त्यावर राहायचा, त्याच्यामार्फत हा फोटो १९२६ला सर्रिअलिस्टांच्या मासिकाच्या अंकाच्या कव्हरवर गेला, खाली 'शेवटची धर्मांतरं' असा खोचक मथळा, आणि म्हाताऱ्या अ‍ॅत्जेबुवांनी बजावलं की माझं नाव टाकू नका, ही नुसती डॉक्युमेंट्स आहेत. म्हणजे एकाचं डॉक्युमेंट ते दुसऱ्याचं स्वप्न, मधे फक्त एक मथळा. आता यात डार्करूम कुठे आली सांगा.