एक सत्र चालू, म्हणून सगळे ग्राहक सुरळीत? ओव्हरलेच्या मसुद्यातील चौथ्या कलमाविषयी

हिंजवडीतील आमच्या नेटवर्क चमूपुढे व्हीएक्सलॅन ओव्हरलेतील (एकाच प्रत्यक्ष नेटवर्कवर अनेक ग्राहकांची आभासी नेटवर्क चालवणाऱ्या रचनेतील) दोषशोधनाचा अंतर्गत मसुदा अभिप्रायासाठी आला आहे. त्याचे चौथे कलम सांगते, की टनेलच्या दोन टोकांच्या व्हीटेपमध्ये (ग्राहकांची पॅकेट आवरणात घालणाऱ्या आणि त्यातून काढणाऱ्या स्विचमध्ये) बीएफडीचे, म्हणजे ठराविक अंतराने छोटी पॅकेट पाठवून समोरचे टोक पोहोचते का ते पाहणाऱ्या प्रोटोकॉलचे, एकच सत्र व्यवस्थापन व्हीएनआयवर (व्हीएनआय म्हणजे आभासी नेटवर्कचा क्रमांक; हा देखरेखीसाठी राखलेला) चालवावे, आणि ते सत्र चालू असेपर्यंत त्या टनेलवरील सर्व ग्राहकांची सेवा सुरळीत आहे असे धरावे. पहिला भाग 2020 च्या आरएफसी 8971 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाला धरून आहे. दुसरा मात्र त्या दस्तऐवजात नाही, तो आपल्याकडे पदरचा घातलेला आहे आणि त्यालाच माझा विरोध आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता एका ग्राहकाचा फोन आला, की त्याच्या एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमधला डेटाबेस दिसत नाही. आमच्या पडद्यावर सगळी सत्रे हिरवी होती, म्हणून आम्ही टनेल सोडून त्याच्या सर्व्हरवरच संशय घेत राहिलो. पावणेचारला कळले, की आदल्या संध्याकाळच्या बदलात एका लीफ स्विचवरची (सर्व्हर ज्याला जोडलेले असतात त्या स्विचवरची), त्याच्या व्हीलॅनला, म्हणजे स्विचवरच्या त्याच्या स्थानिक नेटवर्कला, व्हीएनआयशी जोडणारी एक ओळ गळाली होती. प्रत्येक ग्राहकाच्या व्हीएनआयवर स्वतंत्र सत्र असते, तर हा सव्वा तास वाचला असता.

प्रतिसाद 1
मॅडम, तुमचा अनुभव खरा आहे, पण उपाय पटत नाही. 200 व्हीटेप एकमेकांशी जोडलेले असतील तर प्रत्येकावर 199 सत्रे होतात. प्रत्येक जोडीत 100 व्हीएनआय धरले तर तीच संख्या 19,900 होते आणि 300 मिलिसेकंदांच्या अंतराने सेकंदाला सुमारे 66,000 पॅकेट पाठवावी लागतात. ज्या स्विचमध्ये हे काम सीपीयूवर पडते, तिथे पॅकेट गळतील, लागोपाठ तीन चुकली की सत्र पडेल, आणि धडधाकट टनेल आपण स्वतःच बंद करून बसू. गळालेली ओळ हा कॉन्फिगरेशनचा दोष आहे. बदल संपताच दोन्ही टोकांची तुलना करणारी स्क्रिप्ट तो मिनिटभरात दाखवते. बहुतेक वेळा व्हीएनआय कितीही असले तरी एक सत्र पुरते, असे आरएफसीही म्हणते.

प्रतिसाद 2
दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट राहून गेली. बीएफडीच्या पॅकेटचे आतले हेडर बदलत नाही, त्यामुळे त्यावरून ठरणारा बाहेरचा यूडीपी सोर्स पोर्टही (ज्यावरून पॅकेटचा मार्ग निवडला जातो) तोच राहतो आणि चार स्पाइन (लीफ स्विचना एकमेकांशी जोडणारे मधले स्विच) असले तरी ते सत्र एकाच स्पाइनवरून जाते. उरलेल्या तीनपैकी एखादा स्पाइन गुपचूप पॅकेट गिळू लागला, तर ओळ गळालेली नसतानाही तुमचा पडदा हिरवाच राहील. ‘सर्व ग्राहकांची सेवा’ हे शब्द त्यामुळेही टिकत नाहीत.

मूळ लेखिका
हिशेब मान्य आहे, सर, आणि प्रत्येक व्हीएनआयवर 300 मिलिसेकंदांचा आग्रह मी सोडते. निवडक ग्राहकांच्या व्हीएनआयवर दहा सेकंदांच्या अंतराने सत्र ठेवले तरी मला चालेल, कारण तिथे मार्ग तत्काळ बदलायचा नसून माणसाला जागे करायचे आहे. तुलना करणारी स्क्रिप्ट असावीच, पण कॉन्फिगरेशन बरोबर असूनही स्विचच्या हार्डवेअरमधील, पॅकेट कुठे पाठवायचे ते सांगणाऱ्या तक्त्यात नोंद न उतरल्याचे प्रकार आपण पाहिले आहेत. लिहिलेल्या दोन फाइलींची तुलना ते पकडत नाही.

प्रतिसाद 1
हार्डवेअरच्या तक्त्याचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तरीही अशा सत्राबद्दल मसुदा काय कृती सांगणार, हे आधी ठरले पाहिजे. एका ग्राहकाचे सत्र पडले म्हणून टनेल बंद केला, तर उरलेल्या 99 जणांचे विनाकारण नुकसान होईल. शिवाय व्यवस्थापनाखेरीज अन्य व्हीएनआयवर बीएफडी चालवण्याची मुभा आरएफसी देते, पण त्याचे परिणाम आपल्या कक्षेबाहेर ठेवते. म्हणजे ही पॅकेट ग्राहकाच्या यंत्रापर्यंत जाणार नाहीत, याची तजवीज आपल्यालाच लिहावी लागेल. ‘सेवा सुरळीत धरावी’ऐवजी ‘दूरचा व्हीटेप एका मार्गाने पोहोचण्याजोगा आहे, एवढेच धरावे’ असा बदल तुम्ही सुचवलात, तर अभिप्रायावर मीही सही करीन. ग्राहकनिहाय सत्रे मात्र वेगळ्या कलमात, केवळ इशाऱ्यापुरती असावीत.