मुंबई तुंबत असताना टांझानियात पाणी पोचवायला जावं का?

माटुंग्याची सिव्हिल: व्हीजेटीआयमधून बाहेर पडून सात वर्षं झाली. सध्या मुंबईतच पर्जन्यवाहिन्यांच्या कामावर आहे. टांझानियातल्या एका पाणीपुरवठा योजनेवर तीन वर्षांसाठी बोलावणं आलंय, आणि मला जावंसं वाटतं. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी टाबोरा, न्झेगा, इगुंगापर्यंत नेणारी योजना भारताच्या कर्जावर झाली. ते कर्ज देणारी एक्झिम बँक आपल्या कफ परेडची! अशा कर्जात साधारण 75 टक्के माल आणि सेवा भारतातून घेण्याची अट असते. मग इंजिनिअरही आपलेच जाणार ना?

हिंदमातावाला: ताई, राग मानू नका, पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा आपली जुनी गटारं तासाला 25 मिमीच्या हिशेबाची होती. क्षमता 50 करा, असं मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 मध्येच सांगितलं होतं. भरतीला पाण्याचा निचरा कसा थांबतो हे ज्याला कळतं, तो माणूस इथून सोडायचा? आमच्या चाळीत अजून जूनमध्ये गाद्या माळ्यावर चढतात.

निवृत्त अभियंता: असंच म्हणत जपानी इंजिनिअर घरी बसले असते, तर जायकाच्या, म्हणजे जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या, कर्जावरचा 21.8 किमीचा अटल सेतू असा झाला नसता. पोरी, जा. पण हे काम फक्त काँक्रीटचं नाही. एमयूटीपीत, म्हणजे मुंबईच्या रेल्वे-रस्ते सुधारणेच्या प्रकल्पात, विस्थापितांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2006 मध्ये जागतिक बँकेने काही महिने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले. माणसं कुठे हलवली, त्यांना तिथे पाणी मिळतं का, दुकान चालतं का, हे इंजिनिअरलाच विचारलं जातं. जाण्याआधी पुनर्वसनाचे नियम वाच.

हिंदमातावाला: काका, पूल बांधून माणूस परत जाऊ शकतो. पंपाचं तसं नाही. तीन वर्षांनी ही परत येणार, मग तिथला पंप जळाला तर कोण बघणार? दुरुस्ती करणारा माणूस आणि सुटे भाग गावात नसले, तर ती योजना उद्घाटनापुरतीच.

माटुंग्याची सिव्हिल: हे मला पटलं. करारात स्थानिक ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचं आणि सुट्या भागांचं कलम आहे का, हे सोमवारी विचारते. नसेल तर नकार कळवीन.

हिंदमातावाला: असलं तरी माझं मत तेच. जूनमध्ये तुम्ही इथे हव्यात.