मदत हवी आहे: गाडीची बॅटरी दोन रात्रींत पूर्ण उतरते

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तीन महिन्यांपूर्वीच नवी घेतलेली. दुकानात लोड टेस्ट झाली, बॅटरी उत्तम आहे. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट मिळतात, म्हणजे चार्जिंग होतंय. तरी दोन रात्री उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो.

मायनसच्या वायरीत मल्टिमीटर लावून, दारं लॉक करून पाऊण तास थांबलो. रीडिंग ०.६२ अँपिअर. एवढ्या जुन्या गाडीत ०.०५ च्या आत हवं होतं. मग डॅशबोर्डखालचे सगळे फ्यूज एकेक करून काढले, काटा हलला नाही. बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि सेंट्रल लॉकिंगही सोडवून पाहिलं, डिकीचा दिवा काढला. फरक शून्य. बॉनेटखालचा मेन फ्यूज काढला तेव्हा मात्र रीडिंग शून्यावर आलं.

अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनामो) रात्रीसुद्धा कोमट लागतो, त्यामुळे त्यातल्या डायोडवर, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागावर, संशय आहे. इलेक्ट्रिशियन थेट अख्खा डायनामो बदला म्हणतो, आणि तो खर्च मला उगाच करायचा नाही. सध्या रोज रात्री मायनस काढून ठेवतो. हाताशी फक्त मल्टिमीटर आणि पाने आहेत.

बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली, तिचं टोक टेपनं गुंडाळलं आणि पुन्हा मोजल्यावर रीडिंग पडलं, तर दोष डायोडचाच हे नक्की मानावं का? आणि तसं असेल तर नुसती डायोड प्लेट बदलून कुणाचं काम टिकलंय का?