वृद्धाश्रमाबद्दल तक्रार: कुणाकडे करायची, आधी काय गोळा करायचं?

पारिजातक

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी एक पानी माहितीपत्रक करायचं आहे. वृद्धाश्रमात किंवा पैसे भरून राहायच्या शुश्रूषा केंद्रात असलेल्या माणसाची तक्रार महाराष्ट्रात नेमकी कुठे द्यायची, एवढाच विषय. संघाकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात: रहिवासी वारल्यावर किंवा सोडून गेल्यावर अनामत परत मिळत नाही, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला जखमा होतात, संध्याकाळी साडेसहालाच झोपेची गोळी दिली जाते, आणि नातेवाइकांनी काही विचारलं की "मग उद्या घेऊन जा तुमच्या माणसाला" असं उत्तर मिळतं.

सगळे म्हणतात, "2007 चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करा." ते बरोबर आहे का? आणि रहिवाशाला स्वतःला लिहिता येत नसेल तर अर्ज कुणी करायचा?

वाटाड्या

प्रांताकडचा अर्ज ही यातली सगळ्यात नेहमीची चूक, म्हणून आधी तीच घेतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या 2007 च्या कायद्यातलं न्यायाधिकरण (प्रांतांकडे असतं ते) मुलांविरुद्ध आहे (मूलबाळ नसेल तर मालमत्तेचा वारस होऊ शकणाऱ्या नातेवाइकाविरुद्ध), वृद्धाश्रमाविरुद्ध नाही. मुलांनी आश्रमाचे पैसे भरणं बंद केलं, तर तिथे जा. लिहिता न येणाऱ्याच्या वतीने त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, कलम 5 मध्ये तशी सोय आहे. म्हणजे तुमचा संघही करू शकतो. दरमहा जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा आदेश होतो, आणि निकाल 90 दिवसांत अपेक्षित आहे. पण "आश्रम नीट जेवण देत नाही" असा अर्ज घेऊन गेलात तर तो "आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत येतो आणि दोन-तीन महिने फुकट जातात. तेवढ्या काळात जखम हाडापर्यंत जाऊ शकते.

आश्रमाविरुद्ध कुठे जायचं हे दोन गोष्टींवर ठरतं: तक्रार कशाची आहे, आणि आश्रम कोण चालवतं. दुसरी गोष्ट लोक बघतच नाहीत. पावतीवर किंवा पाटीवर नोंदणी क्रमांक शोधा. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी असते, क्रमांक बहुतेकदा "ई" किंवा "एफ" अक्षराने सुरू होतो. खासगी कंपनी किंवा एकट्याचा व्यवसाय असेल तर तो क्रमांक नसतो आणि धर्मादाय कार्यालयाचा काही उपयोग नाही. शासकीय अनुदानावर चालणारा आश्रम असेल तर जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे जायचं. अनुदान त्या खात्यामार्फत जात असल्याने त्यांच्या पत्राला वजन असतं.

न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अ खाली कारभाराबद्दल निर्देश मागता येतात. विश्वस्तांनीच गैरव्यवहार केला असेल तर 41ड आहे, त्यात निलंबनापर्यंत जाता येतं. फक्त हे लक्षात ठेवा: हे कार्यालय न्यासाचा कारभार बघतं, एका रहिवाशाच्या पाठीची जखम नाही. "आठ जणांच्या अनामती जमा झाल्या, त्या हिशेबपत्रकात कुठे दाखवल्या आहेत?" असा प्रश्न तिथे चालतो. "आजींना वेळेवर चहा मिळत नाही" हा चालत नाही.

कुणाला काहीच सुचत नसेल तर 14567. ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, फोन फुकट, सकाळी 8 ते रात्री 8. ते माहिती देतात, मध्यस्थी करतात, गरज पडली तर प्रत्यक्ष माणूस पाठवतात. आश्रमाला दंड करायचा अधिकार त्यांना नाही, पण बाहेरचं कुणीतरी विचारतंय एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

शुश्रूषा

कुठे द्यायची हे वर आलंच. मी "काय द्यायचं" तेवढं लिहिते, कारण तक्रारी बहुतेक तिथेच पडतात. "काळजी नीट घेत नाहीत" या वाक्यावर कुणीही काहीही करू शकत नाही.

पाठीच्या जखमा: माकडहाड, दोन्ही खुबे आणि टाचा रोज उघडून बघायच्या जागा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबून सोडल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी, कातडी फुटायची वाट बघायची नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का ते बघा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी आणि तारीख लिहिलेला कागद ठेवा, आणि रहिवाशाला विचारल्याशिवाय काढू नका. मग आश्रमाकडे कूस बदलल्याची नोंदवही मागा. साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. चोवीस तासांच्या सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, बरोबर दोन-दोन तासांच्या ठोक्यावर असतील तर ती वही एका बैठकीत भरली असण्याची शक्यता दाट. त्या पानाचा फोटो तक्रारीला जोडा. वहीच नसेल तर "नोंदवही मागितली, नाही असं सांगितलं" हे तारखेसह लिहा.

वजन: महिन्यात 5 टक्के उतरलं, म्हणजे 50 किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर डॉक्टरांनी कारण शोधायलाच हवं. उभं राहता येत नसेल तर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर टेपने मोजा, दर महिन्याला त्याच हाताचा. ताट भरलेलं दिसतं म्हणून जेवण झालं असं नसतं. भरवायला माणूस आहे का आणि कवळी तोंडात आहे की डब्यात, हे जेवणाच्या वेळी जाऊनच कळतं.

झोपेची गोळी: तोंडी "आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय" हे उत्तर घेऊ नका. लेखी मागा: औषधाचं नाव, मात्रा, कधीपासून, कुणी लिहिलं, कशासाठी. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं अनुसूची एच-1 मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतली आहेत. दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्ण दोघांची नावं वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. म्हणजे चिठ्ठी खरंच असेल तर तिचा माग लागतो. एक मात्र हात जोडून सांगते: रागाच्या भरात घरच्यांनी गोळी एकदम बंद करू नये. रोज घेणाऱ्याला अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करायची.

खाटेला बांधून ठेवलं असेल तर बाकी काही गोळा करत बसू नका. त्याच दिवशी पोलीस.

सातबारा

पोलीस आणि पैसा, दोन्हींवर.

मारहाण, कोंडून ठेवणं, दागिने किंवा पेन्शनच्या पैशांचा अपहार: 112 किंवा थेट ठाणं. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) टपालाने पाठवायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 173(4) मध्ये ती सोय आहे. त्यानेही हललं नाही तर दंडाधिकारी. भारतीय न्याय संहितेचं कलम 357 फार कमी लोकांना माहीत आहे: कोवळं वय, मनोविकार, आजार किंवा शारीरिक दुबळेपणामुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करायचा कायदेशीर करार असताना ती जाणूनबुजून न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा छोटी, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, आणि तो अदखलपात्र असल्याने ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते. तरी पुढे ग्राहक आयोगात ती एन.सी. कागद म्हणून कामाला येते.

"आजोबांना जबाबाला ठाण्यात आणा" असं सांगितलं तर नम्रपणे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 दाखवा. 60 वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनीच यायचं. आले की जबाब व्यवस्थापकासमोर घेऊ नये अशी लेखी विनंती द्या. व्यवस्थापक दारात उभा असेल तर कुणीही "सगळं छान आहे" असंच सांगणार.

अनामत: पैसे घेऊन सेवा, म्हणजे ग्राहक. जिल्हा आयोग 50 लाखांपर्यंत मोबदल्याची प्रकरणं घेतो, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. रहिवासी वारला असेल तर कायदेशीर वारस दावा करू शकतो, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. म्हणजे नाशिकच्या आश्रमाविरुद्ध सोलापुरात चालेल. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

यात एक खाच आहे. तक्रारीत "हा करारच अन्यायकारक आहे, कलम रद्द करा" असं लिहिलंत तर ते प्रकरण राज्य आयोगाचं होतं, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. म्हणून अनामतीसाठी सरळ "सेवेतील त्रुटी आणि रक्कम अडवणे" एवढंच म्हणा. पूर्ण मोफत आश्रम मात्र ग्राहक कायद्यात येत नाही.

बिलात जीएसटी लावलाय का तेही बघा. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम, रहिवासी 60 च्या पुढचा आणि राहणं-जेवण-देखभाल धरून महिन्याला 25,000 पर्यंत आकार, असं असेल तर जीएसटी माफ आहे. खासगी कंपनीला ही सवलत नाही.

हडसनकाठ

इथे अमेरिकेत या कामाला वेगळा माणूसच असतो, ओम्बड्समन. 1972 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं आणि 1978 पासून प्रत्येक राज्याला ठेवणं बंधनकारक आहे. भारतात असं पद नाही, पण त्यांचा एक नियम तुमच्या संघाने तसाच उचलावा: तक्रार रहिवाशाची असते, मुलांची नाही, संघाचीही नाही. त्याच्याशी एकट्याने बोलायचं, काय हवंय ते विचारायचं, आणि त्याची परवानगी नसेल तर नाव कुणालाही सांगायचं नाही, मुलालासुद्धा.

हे प्रत्यक्षात अवघड जातं. मुलगी म्हणते केस करा, आई म्हणते मला फक्त खोलीतली दुसरी बाई बदलून द्या. अशा वेळी आईचं ऐकायचं. स्मृतिभ्रंश असला तरी विचारायचंच. "कुणी ओरडतं का? कधी?" असे छोटे प्रश्न, वेगवेगळ्या दिवशी, एकाच माणसाने विचारले तर उत्तरात सातत्य आहे का ते कळतं.

पारिजातक

सगळ्यांचे आभार. "उद्या घेऊन जा" ही धमकी मात्र राहिली. बहुतेक घरं तिथेच गप्प बसतात.

वाटाड्या

ती भीती खरी आहे, तिला हलकं समजू नये. आधी करारातलं नोटिशीचं कलम वाचा. एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर ती त्यांच्यावरही बंधनकारक आहे. करार हातात नसेल तर तक्रार करायच्या आधी त्याची प्रत मागून घ्या, नंतर मिळत नाही. तक्रार एका कुटुंबाच्या नावाने देण्यापेक्षा दोन-तीन रहिवाशांची एकत्र, संघाच्या पत्रावर द्या. कुणाचं नाव खुपत नाही.

पत्र एका पानाचं, एकाच विषयाचं: तारीख, वेळ, काय घडलं, काय हवंय, कधीपर्यंत. देखभालीसाठी 3 दिवस, पैशासाठी 15 दिवस ठीक. कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट. रहिवासी अंगठा लावत असेल तर वर "मजकूर वाचून दाखवला, मान्य आहे" ही ओळ आणि दोन साक्षीदार हवेत. ते आश्रमाचे कर्मचारी नसावेत.

आणि फेसबुकवर आधी टाकू नका. नाव टाकलं की समोरचा वकील बघतो, चर्चा तिथेच संपते आणि आत राहणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होतो.

सातबारा

त्यात भर: काढून टाकण्याची लेखी नोटीस आली तर ग्राहक आयोगात मूळ तक्रारीबरोबर अंतरिम आदेशाचा अर्ज करता येतो. आणि खरंच कुणी रहिवाशाला रस्त्यावर किंवा रुग्णालयाच्या दारात सोडून गेलं, तर 2007 च्या कायद्याचं कलम 24 बघा. त्यातले शब्द "ज्येष्ठ नागरिकाची देखभाल ज्याच्याकडे आहे असा कोणीही" अशा अर्थाचे आहेत, फक्त मुलांपुरते नाहीत. हा गुन्हा दखलपात्र आहे, ठाण्यात गुन्हा नोंदवायलाच हवा.

वकील परवडत नसेल तर 15100, विधी सेवा प्राधिकरण. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

शुश्रूषा

आश्रमात सलाईन, नळी, जखमेचं ड्रेसिंग असं चालत असेल तर तो शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदलाय का हे महापालिकेच्या आरोग्य विभागाला विचारा. 1949 च्या त्या कायद्याच्या व्याख्येत नुसता आजार नाही, अशक्तपणाही येतो. "आम्ही फक्त वृद्धाश्रम आहोत" असं सांगून उपचार मात्र सगळे करणाऱ्या जागांना हाच प्रश्न सगळ्यात जड जातो.

पारिजातक

अनुदानित आश्रमाची तपासणी झाली होती का, हे माहिती अधिकारात मिळेल ना?

वाटाड्या

मिळेल. समाजकल्याण कार्यालयात अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो, नाहीतर परत येतो. "मागील तीन वर्षांतील तपासणी अहवालांच्या प्रती आणि त्यावर केलेली कार्यवाही" एवढंच मागा. "का केली नाही" असं विचारू नका. "का" विचारलं की "ही माहिती नाही" म्हणून नाकारतात.