मदत हवी आहे: सामूहिक खताचा ढीग तापतच नाही

आमच्या इमारतीतल्या चौदा घरांनी मिळून ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलंय, दोन महिने झाले. कचरा डेपोत दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता अडवतो. हे ऐकून सगळे हौसेने तयार झाले. आता मात्र जिन्यात गाठ पडली की आधी नाकाला हात लावतात, मग बोलतात.

ढीग साधारण 1 मीटर लांब, रुंद आणि उंच आहे. आतलं तापमान 55 अंशांपर्यंत जायला हवं, आमचं 35 च्या वर सरकत नाही. काल फावड्याने मधोमध उकरलं तर आत काळपट, चिकट लगदा. मुठीत दाबला तर बोटांतून पाणी ओघळलं. ओल जास्त, हवा कमी, इतपत कळतंय. ढिगातल्या कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण 30:1 च्या आसपास हवं हेही वाचलंय, पण रोज बादल्या ओतताना ते मोजायचं कसं?

कार्बनसाठी ओल्या कचऱ्यात मिसळतो तो सुका पालापाचोळा संपत आलाय. त्याऐवजी फाडलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा भुसा चालेल का? एका बादलीला किती? की सगळा ढीग उपसून नव्यानेच रचावा?

तळमजल्यावरच्या आजोबांनी दोन आठवड्यांची मुदत दिलीय. खिडकी त्यांचीच, त्यामुळे रागावताही येत नाही. तोवर निदान वास कसा आवरायचा, तेवढं आधी सांगा.