मऊ हात आणि ओलावा
क्रीम लावल्यावर हात मऊ लागला म्हणजे ओलावा वाढलाच, हे म्हणणं मला पटत नाही. मऊपणा नुसत्या तेलकट थरानेही येतो. कॉर्निओमीटर हे त्वचेचा ओलावा तपासणारं यंत्र त्वचेची विद्युत धारिता (वीज साठवण्याची क्षमता) मोजतं, ती पाण्याने वाढते. त्यामुळे पाणी धरून ठेवणाऱ्या ग्लिसरीनचा परिणाम त्यात छान दिसतो. पेट्रोलियम जेली मात्र त्वचेतून उडणारी वाफ अडवते. ते कळायला बाष्प मोजणारं वेगळं यंत्र लागतं.

आणि घामाचा मुद्दा विसरू नका! नवी मुंबईत महापेला क्रीमच्या अशा चाचणीसाठी मी स्वयंसेवक म्हणून गेले होते. भर पावसाळ्यात घणसोली स्टेशनवरून घामाघूम आलेल्यांना आधी एसी खोलीत, बाह्या वर करून, अर्धा तास बसवायचे. घाम दोन्ही यंत्रांना फसवतो. त्यामुळे जुलैत घरी ओलावा मोजणाऱ्या स्वस्त टेस्टरवर घेतलेल्या आकड्यांवरून क्रीम कृपया निवडू नका.